तीन कप्प्यांचं विरजण

कानिफला कारखान्याच्या वसाहतीत खोल्या मिळाल्याची बातमी त्याने स्वतःच आणली, आणि तीही सगळं घर हुरड्याच्या आगटीभोवती गोल करून बसलेलं असताना. त्यामुळे जे बोलणं एरवी चार दिवस चार कोपऱ्यांत कुजबुजत झालं असतं, ते एका दुपारीच उघड्यावर झालं. एका अर्थी बरंच झालं. या घरात कुजबुजीने आजवर कुणाचं भलं झालेलं नव्हतं.

दोन वर्षांनी मळ्यात हुरडा होत होता. बहात्तरच्या दुष्काळात ज्वारीची ताटं गुडघ्याएवढी होऊन वाळली होती, त्यामुळे यंदा कानिफच्या वडिलांना, कारभाऱ्यांना, कणसं किती भाजू आणि किती नको असं झालं होतं. कणसं भाजायला आगटीशी त्यांच्याशिवाय कुणी बसायचं नाही हा त्यांचा नियम होता. ते कणीस भाजून थोरल्याकडे, सूर्यभानकडे टाकत आणि सूर्यभान ते दोन तळव्यांत चोळून दाणे पाटीत पाडत होता.

"दोन खोल्या हायत," कानिफ सायकल बांधाला टेकवून म्हणाला. "मोरीत नळ, घरात लाईट. बालवाडी हाकेवर, दवाखाना तिच्या पल्याड. सोमवारपातूर ताबा घेतला न्हाई तर दुसऱ्याला देत्यात."

कारभाऱ्यांनी कणीस फिरवलं. "नळ लागला व्हय रं तुला? आन आपल्या हिरीचं पानी काय खारं हाय?"

"तसं न्हाई, दादा."

"मंग कसं? हितं तुला दोन खोल्या बांधाय दगुड आनून टाकलाय मी. पोरं मातीत वाढली पायजेत. कारखान्याच्या धुरात कसली वाढत्यात?"

कानिफने बायकोकडे पाहिलं. विजयमाला पाट्यावर शेंगदाण्याची चटणी वाटत होती आणि तिने मान वर केली नाही. खोल्यांसाठी अर्ज करायला लावणारी तीच होती. सासऱ्यांना न विचारता तिने आयुष्यात केलेली ही पहिली गोष्ट, आणि ती उघडी पडायची वेळ आली तसा तिचा वरवंटा जरा जास्तच जोरात चालायला लागला होता.

तिला दवाखान्याशिवाय दुसरं काही नको होतं. नळ नसता तरी चाललं असतं. गेल्या चैत्रात गोरख, तिचा पाच वर्षांचा मुलगा, कडब्याच्या गंजीशी खेळत होता आणि त्याला लाल विंचू चावला. पोरगं घामाने निथळत होतं, उलट्या करत होतं, आणि बैलगाडीतून तालुक्याच्या दवाखान्याची वाट संपता संपत नव्हती. पोर वाचलं. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर आमच्या हातात काही नव्हतं. ते वाक्य विजयमालाच्या कानातून गेलंच नाही. तेव्हापासून ती कडब्याची पेंढी काठीने उलटीपालटी केल्याशिवाय हात लावत नसे, आणि मुलं झोपली की अंथरूण चाचपत बसे.

"मामंजी," ती म्हणाली, "मातीत वाढू द्या की. पर मातीत विंचू हाय."

सुनेने तोंड उघडलेलं पाहून सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

"विंचू कुठं न्हाई?" कारभारी म्हणाले. "आमी न्हाई का वाढलो?"

"तसं म्हनू नका," राहीबाई म्हणाल्या. त्या सुपात कणसं निवडत होत्या. "आपली पाच हुती. दोन वाढली."

त्यांनी हे इतक्या साध्या आवाजात सांगितलं की कारभाऱ्यांच्या हातातलं कणीस एका बाजूने करपलं. विजयमालाने सासूकडे चमकून पाहिलं. ही बाजू आपल्याला मिळेल असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

"जाऊ द्या की त्यांना, दादा," सूर्यभान मधेच म्हणाला. "चार कोसावर तर हाय."

"समदं रान एकट्याला मोकळं पायजे व्हय तुला?" कारभारी उसळले.

सूर्यभानने हातातलं कणीस न चोळताच राखेत टाकलं. त्या चैत्रात बैलांच्या पाठीवर आसूड मोडेपर्यंत गाडी हाणणारा तोच होता. पण हे बोलून दाखवणं त्याच्या स्वभावात नव्हतं. तो उठून मोटेच्या धावेकडे निघून गेला. कारभाऱ्यांना आपण चुकलो हे कळलं, आणि चुकलो असं कळलं की ते नेहमी करत तसंच त्यांनी केलं, आणखी दोन गोवऱ्या आगटीत सारल्या.

सूर्यभानच्या बायकोला, मालनला, फार लागलं ते नवरा आपल्याकडे न बघताच 'जाऊ द्या' म्हणून गेला याचं. मालनच्या मांडीवर पुष्पी बसली होती. पुष्पी विजयमालाची दोन वर्षांची मुलगी, पण हे नवख्या माणसाला सांगावं लागे. तिच्या बाळंतपणात विजयमालाने अंथरूण धरलं ते चार महिने उठलीच नाही, आणि तेव्हापासून पोरगी मालनच्या कुशीत झोपत आली होती. मालनला ती 'मोठाई' म्हणे. मालनचं स्वतःचं काही झालं नव्हतं. दहाएक वर्षांत अंगारे झाले, मढीच्या वाऱ्या झाल्या, आता कुणी विचारतही नसे. तिने एक दाणा फुंकून गार केला आणि पुष्पीच्या तोंडात घातला.

"माजं आयका," राहीबाई म्हणाल्या. "नळ असू द्या न्हाईतर दवाखाना असू द्या. पोरं वाढवतो तो शेजार. तिथं कुठली कुठली मानसं गोळा झाली असत्याल. मी बघून आल्याबिगर पोरं धाडनार न्हाई."

कानिफ हसला. "विरजन मागनार का, आये?"

"मागनारच."

यात हसण्यासारखं काही नाही असं राहीबाईंचं ठाम मत होतं. भावकीतली लेक द्यायची असो की सून आणायची, त्या पाहुण्यांचं घर पाहायला जात आणि आधी शेजारच्या दारात उभ्या राहत. 'जरा विरजन मिळंल का, बाई?' एवढंच. विरजण म्हणजे चमचाभर ताक, ते कुणालाच जड नाही. पण देणारीचा हात कसा येतो, ती आधी भांडं बघते की मागणारीचं तोंड, कडेवरच्या पोराला काही विचारते की नाही, एवढ्यावरून त्या गल्लीच्या गल्लीचा निकाल लावत. विजयमालाचं माहेरही त्यांनी असंच पसंत केलं होतं, आणि तिथल्या शेजारणीने विरजणाबरोबर गुळाचा खडा दिला होता ही गोष्ट घरात अजून सांगितली जाई.

"मी येते," विजयमाला म्हणाली.

"तू नगं. तुला तिथलं समदं ग्वाडच दिसंल. मालन चल."

मालन चटकन "व्हय" म्हणाली. इतकी चटकन, की विजयमालाचं तोंड उतरलं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या एस.टी.ने निघायचं ठरलं होतं. एस.टी. आली, पण वाटेत उसाच्या ट्रॅक्टरामागे अडकून राहिली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचं चाक चारीत गेलं होतं आणि मोळ्या रस्त्याभर पसरल्या होत्या. कंडक्टरपासून सगळे उतरून ऊस भरू लागले. वसाहतीच्या फाट्यावर दोघी उतरल्या तेव्हा पहिल्या पाळीची माणसं सुटून कधीच घरी गेली होती. हवेत मळीचा आंबूस वास होता आणि कारखान्याच्या चिमणीचा धूर खाली उतरून सगळ्या पश्चिमेवर पसरला होता, सूर्य कुठवर उतरला ते दिसत नव्हतं. पुष्पी मालनच्या कडेवर होती.

राहीबाईंना पहिली गोष्ट दिसली ती उजेडाची. खांबाखांबांवर दिवे लागलेले, घरांमधून पांढरा लख्ख उजेड. गावाकडे त्यांच्या घरात अजून वीज नव्हती. मळ्यात दिवस मावळायचा तो टप्प्याटप्प्याने. गुरं यायची, चूल धुमसायची, कंदिलाची काच राखेने पुसायची, वात वर करायची, मग देवापाशी पणती आणि हात जोडणं. इथे यातलं काहीच दिसलं नाही. त्यांना वाटलं, या लोकांचे दिवे दिवसभर असेच जळत असतील. कारखान्याची वीज, फुकटची.

"सांज व्हायच्या आत उरकू," त्या म्हणाल्या, आणि पहिल्या दाराशी उभ्या राहिल्या.

त्या घरातल्या बाईने त्यांना आत या म्हटलं, पाणी दिलं. पण विरजण म्हटल्यावर ती घुटमळली. "आत्ता न्हाई हो मावशी. सकाळी या ना." राहीबाईंनी नुसतं 'बरं' म्हटलं. दुसऱ्या घरातली रंगुबाई नावाची ठसठशीत बाई पुष्पीचा गाल ओढून म्हणाली, "लेकरू ग्वाड हाय हो," आणि तिच्या हातावर बिस्कीट ठेवलं, पण विरजणाला तिनेही मान हलवली. तिसऱ्या दारात एक तरणी पोर होती, मुक्ताबाई. ती नुसतीच "न्हाई देता यायचं" म्हणाली आणि लाजून अर्धं दार लोटून आत गेली.

राहीबाई पायरीवरून उतरल्या. त्यांचा चेहरा बंद झाला होता.

मालन मात्र अजून त्या अर्ध्या उघड्या दारातून आत बघत होती. मुक्ताबाईच्या आतल्या खोलीत अंधार होता. मुक्ताबाईने भिंतीवरचं बटण दाबलं, बल्ब लागला, आणि तिने डोक्यावर पदर घेऊन त्या बल्बाला हात जोडले. मग देव्हाऱ्याला. मग तिने आतल्या कुणाला तरी हाक मारली, "दिवा लागला रे, हातपाय धू."

मालनच्या लक्षात एकदम सगळं आलं. दिवेलागण झाली होती. दिवे लागल्यावर घरातलं दूध, दही, विरजण, मीठ बाहेर कोण देतं? राहीबाईंनी स्वतः कधी दिलं होतं? एकदा भावकीतली आक्काबाई दिवे लागल्यावर ताक मागायला आली तर राहीबाईंनी तिला भाकरी जेवू घातली होती, पण ताकाचा थेंब उंबऱ्याबाहेर जाऊ दिला नव्हता.

हे सांगायला तिने तोंडही उघडलं. तेवढ्यात पुष्पीने बिस्किटाचा चावलेला तुकडा तिच्या ओठाला लावला. "मोठाई, खा."

मालनने तो तुकडा खाल्ला आणि गप्प बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर निकाल लागला. राहीबाई म्हणाल्या, "तीन दारं हिंडले. चमचाभर विरजन सुटलं न्हाई कुनाच्या हातून. उद्या पोरगं पडलं, आपटलं, तर ही मानसं दार उघडत्याल का? पोरं हितंच ऱ्हात्याल."

कारभाऱ्यांनी चहाची बशी खाली ठेवली. आनंद लपवायचा त्यांनी प्रयत्न केला, पण मिशा त्यांचं ऐकत नव्हत्या. "गवंड्याला निरोप धाडतो मंग," ते म्हणाले. "आन विंचवाचं म्हनशील, तर सारवून सुरवून, जोतं उंच घिऊ."

विजयमालाने चुलीपुढची राख एकत्र केली, मग तीच राख पुन्हा पसरली, पुन्हा एकत्र केली. गोरख तिच्या पाठीवर लोंबकळत होता. "आये, बालवाडीत घसरगुंडी हाय म्हनं. कवा जायचं?"

"बघू," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. तिने धुराचं निमित्त करून डोळे पुसले. चुलीत धूर नव्हता, जाळ चांगला पेटलेला होता.

मालन पाण्याची घागर घेऊन आत येत होती. ती दारातच थबकली. गेल्या चैत्रात गाडीत गोरखचं डोकं विजयमालाच्या मांडीवर होतं आणि पाय मालनच्या. त्याचे पाय गार पडत चालले होते, ते मालनने साऱ्या वाटेने चोळले होते. ते गारपण तिच्या हातांना आठवलं. पुष्पीचे पाय अजून तसे गार झाले नव्हते. ते होईपर्यंत आपण गप्प बसणार होतो का? तिला स्वतःची लाज वाटली, आणि रडूही आलं, कारण बोलून झालं की काय जाणार हे तिला पक्कं ठाऊक होतं.

ती घागर उतरवून तशीच ओसरीवर आली.

"आत्याबाई, दिवं लागलं हुतं."

"कुठं?"

"वसाहतीत. आपुन विरजन मागितलं तवा दिवं लागलं हुतं. त्यास्नी वात लावाय लागत न्हाई, बटन दाबत्यात. म्हनून कळलं न्हाई. त्या मुक्ताबाईनं बल्बाला हात जोडल्यालं मी बघितलं."

राहीबाईंनी मालनकडे पाहिलं, मग अंगणातल्या तुळशीकडे.

"तुला तवाच दिसलं हुतं?"

"व्हय."

"मंग बोलली का न्हाईस?"

पुष्पी रांगोळीत पाय भरवून तिच्याकडे धावत आली आणि हात वर करून उभी राहिली. मालनने तिला उचलून घेतलं. सूर्यभान गोठ्याच्या दारात उभा होता, तो पुढे आला आणि बायकोच्या शेजारी येऊन उभा राहिला, एवढंच.

"मी दिलं असतं का गं?" राहीबाईंनी स्वतःलाच विचारल्यासारखं विचारलं. "दिवं लागल्यावर मी दिलं असतं का?"

"मेलीस तरी दिलं नसतंस," कारभारी म्हणाले, आणि म्हणून बसल्यावर त्यांना कळलं की आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला.

एवढ्यात कानिफ रात्रपाळी करून सायकलवरून आला. त्याने हँडलचा जेवणाचा डबा सोडला आणि आईपुढे ठेवला.

"आये, काल कुनाकुनाच्या दारात जाऊन आलीस गं? पाळी सुटायच्या आधीच तीन बाया कारखान्याच्या दारात हुभ्या. म्हनत्यात, काल सांजच्याला एक मावशी विरजन मागत आल्ती, कुनाची कोन ते सांगितलंच न्हाई. अख्खी वसाहत इचारून काढली त्यांनी, तवा माजं नाव निघालं. डबा माजा रिकामाच हुता."

त्याने डबा उघडला. तीन कप्पे. तिन्हींत विरजण. वरचं घट्ट, मधलं जरा आंबट वासाचं, खालच्यावर केळीच्या पानाचा तुकडा झाकलेला.

"वरचं रंगुबाईचं. ती म्हनली, मावशीला सांगा, माज्यापाशी म्हस हाय, रोज घिऊन जा. खालचं त्या मुक्ताबाईचं. ती तर रडायलाच लागल्ती. म्हनली, दारातून तुमच्या आईला रिकामी धाडली, रातभर डोळा लागला न्हाई."

राहीबाईंनी खालच्या कप्प्यात बोट बुडवून चाटलं. बराच वेळ त्या चव घेत राहिल्या. "ग्वाड हाय," त्या म्हणाल्या.

कानिफ कपाळाचा घाम पुसत हसला. "आन एक गंमत. रंगुबाई मला इचारती, ती पोरगी कुनाची? आईच्या कडंवरून उतरंना म्हनं. मी म्हनलो, माजीच."

"आन आई कोन म्हनून सांगितलंस?" मालनने विचारलं.

"तसं कुठं इचारलं त्यांनी? त्यांना दिसलंच की. मी व्हय म्हनलो."

मालनने मान फिरवली. विजयमाला चुलीपासून उठून दारात आली होती. तिने जावेकडे पाहिलं आणि पदराने तिच्या गालावरचं पाणी पुसलं, तशी स्वतःच्या हाताची काजळी तिच्या गालाला लागली. "खोटं काय हाय त्यात, बाई?" ती म्हणाली.

राहीबाईंनी तिन्ही कप्प्यांतलं विरजण एकाच कोमट दुधाच्या मडक्यात घातलं. घरातल्या कुणी असलं कधी पाहिलं नव्हतं. "नासंल की," कारभारी म्हणाले. "लागंल," राहीबाई म्हणाल्या. मग त्यांनी डबा धुतला आणि तिन्ही कप्पे हुरड्याने भरले, वर तिळगुळाची एकेक वडी. कुणाचं भांडं रिकामं परतवायचं नाही; डबा घरचाच होता, पण कुणाचं देणं तरी रिकामं कसं परतवायचं?

"सोमवारी ताबा घ्या," त्या कानिफला म्हणाल्या. "मालन संगं जाईल. म्हैनाभर बस्तान बसवून दिऊ द्या. भाकरी मी बघते हितली. का रं, सूर्यभान?"

"मला भूक लागली की मी सायकल काढून तिथं जाईन," सूर्यभान म्हणाला. फार दिवसांनी त्याने कुणाला हसवलं होतं.

कारभारी मात्र आणलेल्या दगडांकडे बघत बसले होते. "सुट्टीला येतील न्हवं पोरं?" त्यांनी विचारलं. "हुरड्याला तरी?"

"हुरड्याला येनारच, मामंजी," विजयमाला म्हणाली. "आगटीशी दुसरं कोन बसतंय?"

"मंग खोल्या बांधतोच," ते म्हणाले. "जोतं उंच घेतो."

सोमवारी संध्याकाळी वसाहतीतल्या नव्या खोलीत सामान अजून पोत्यांत होतं. दही मात्र मडक्यात घट्ट लागून आलं होतं. प्रवासात हिंदकळूनही ते मोडलं नव्हतं. गोरख बटणाखाली पाटावर चढून उभा होता. कधीपासून परवानगी मागत होता. मालन म्हणाली, "आता दाब." लख्ख उजेड पडला आणि मालनने पदर सावरून बल्बाला हात जोडले. तिचं बघून विजयमालाने जोडले, पुष्पीनेही जोडले.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. बाहेर मुक्ताबाई असावी, आवाज तसाच लाजरा होता.

"पुष्पीच्या आई, हायेत का घरात?"

विजयमाला दारापाशीच बसली होती. पोत्याची गाठ सोडत होती. ती उठली नाही. तिने फक्त मागे वळून मालनकडे पाहिलं.

"जावा की, बाई," ती म्हणाली. "तुमाला बोलवत्यात."